विद्यापीठाचे घड्याळ आणि दुर्गदबैल

हुबळीचा दुर्गदबैल ज्यांनी पाहिला नाही त्यांना तो नुसत्या नावावरून समजावयाचा नाही. कानडीत ‘बैलू’ म्हणजे मोकळे मैदान. दुर्गदबैल म्हणजे किल्ल्याचे मैदान. आज तेथे मैदान म्हणावे असे काही उरलेले नाही. कापडाची, बांगड्यांची, भांड्यांची, मसाल्याची दुकाने एकमेकांस खेटून उभी आहेत, आणि दिवेलागणीनंतर गिरमिटाच्या व मिरचीभज्यांच्या गाड्यांभोवती जी गर्दी लोटते तीत सायकल हाती धरून चालणेही कठीण. बडोद्याच्या वाचकांनी आपला मंगळबाजार डोळ्यांपुढे आणावा आणि त्यात गुजरातीच्या जागी कानडी घालावी, म्हणजे साधारण कल्पना येईल.

माझी थोरली बहीण हुबळीस दिलेली. त्यामुळे वर्षा-दोन वर्षांनी माझे तिकडे जाणे होतेच. पिढ्यान् पिढ्या तेथे नांदणारी मराठी घरे आपल्या येथील जुन्या घरांसारखीच आहेत. देवघरात मराठी, दुकानात कानडी आणि मुलांच्या दप्तरात इंग्रजी असा त्यांचा तीन भाषांचा संसार बिनबोभाट चाललेला असतो. गेल्या खेपेस मात्र या संसारातील एक अडचण माझ्या नजरेस आली, आणि तीवरून जे विचार सुचले ते येथे मांडावेत असे वाटले.

भाच्याबरोबर दुर्गदबैलातील एका कापडाच्या दुकानात इरकली लुगडी पाहावयास गेलो होतो. घड्या उलगडून दाखविणारा मुलगा विशीचा असेल. शेजारच्या गिऱ्हाइकाशी तो कानडीत बोले, आमच्याशी मराठीत आणि समोरच्या बोहऱ्याशी हिंदुस्थानीत. हिशेब सगळा तोंडी. इतका चलाख मुलगा पाहून मी सहज त्याच्या शिक्षणाची चौकशी केली. बी. कॉम.चे पहिले वर्ष चांगल्या गुणांनी उत्तीर्ण होऊन दुसऱ्या वर्षी त्याने कॉलेज सोडले होते. कारण विचारले तेव्हा हसून म्हणाला, “काका, कॉलेज बी दहाला उघडतंय, दुकान बी दहाला. कुठल्या दारात उभं राहू सांगा.” वडील गेल्यापासून घर त्याच्या पगारावर चालते. पंचाहत्तर टक्के हजेरी भरावयाची तर पगार जातो, आणि पगार सांभाळावा तर हजेरी भरत नाही. त्यातून परीक्षा येते ती नेमकी लग्नसराईत, जेव्हा कापडाच्या दुकानात मालकालाही जेवायला उसंत नसते.

घरी येऊन ही हकीकत सांगितली तर भाचेसून म्हणाली, “मामा, त्याचं एक वर्ष तरी सुटलं. माझी दोन गेली.” ती बेळगावकडची, मराठी शाळेत शिकलेली. बी. ए.ची दोन वर्षे झाल्यावर लग्न झाले. पुढे मुले, सासूबाईंचे आजारपण. बारा वर्षांनी सवड मिळाली म्हणून तिने चौकशी केली, तेव्हा उत्तर आले की अभ्यासक्रम बदलला आहे, पहिल्या वर्षापासून नाव घाला. दोन वर्षे शिकलेले तिच्या डोक्यात होते, पण कागदावर त्याची किंमत शून्य.

या दोघांना बुद्धी नाही असे कोणी म्हणणार नाही, आणि जिद्द नाही असेही म्हणता यावयाचे नाही. अडले आहे ते दुसरीकडेच. आपल्या विद्यापीठांनी मनाशी एक विद्यार्थी कल्पिलेला आहे. तो अठरा वर्षांचा, बिनलग्नाचा, दिवसभर मोकळा आणि वडिलांच्या जिवावर जेवणारा. परीक्षेची भाषा त्याला शाळेपासून येते, डोळे, कान, हातपाय धड आहेत, आणि तीन वर्षे तो मध्ये एकदाही थांबत नाही. घड्याळ, हजेरी, वेळापत्रक, प्रश्नपत्रिका सर्व काही या कल्पित मुलाच्या मापाने शिवलेले असते. साठ-सत्तर वर्षांपूर्वी वर्गात बहुतेक असाच मुलगा बसलेला असे, म्हणून अंगरखा बेताचा बसे. आज त्याच बाकावर शेतमजुराची मुलगी आहे, रात्रपाळी करून आलेला कामगार आहे, कानडी शाळेतून आलेला मुलगा इंग्रजी व्याख्यानापुढे गोंधळून बसला आहे, एखादा अंध विद्यार्थी नुसत्या कानांनी टिपणे घेतो आहे. अंगरखा मात्र त्याच मापाचा राहिला आहे.

विद्यापीठाने आपले माप बदलावे ही मागणी कोणी परदेशी शिक्षणपंडिताने आज काढलेली नाही. आपल्याच मराठी माणसांनी ती फार पूर्वी केली, आणि नुसती केली नाही तर स्वखर्चाने करून दाखविली.

मुंबई, कलकत्ता व मद्रास ही विद्यापीठे १८५७ साली लंडनच्या नमुन्यावर निघाली. त्यानंतर साठेक वर्षांनी अण्णासाहेब कर्व्यांनी विचारले की, हा नमुना आपल्या मुलींना बसतो काय? जपानातील स्त्रियांच्या विद्यापीठाची एक पुस्तिका त्यांच्या हाती आली होती. १९१५ च्या डिसेंबरात मुंबईस सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी आपला विचार मांडला, आणि १९१६ साली महिला विद्यापीठ सुरू झाले. पहिल्या वर्षी महाविद्यालयात विद्यार्थिनी अवघ्या पाच. शिकविण्याची भाषा मातृभाषा. इंग्रजी हा एक विषय म्हणून ठेवलेला. घरच्या जबाबदाऱ्यांमुळे ज्यांना महाविद्यालयात येणे शक्य नाही त्यांना घरी अभ्यास करून बाहेरून परीक्षेस बसण्याची मुभा. माझ्या भाचेसुनेची अडचण अण्णासाहेबांना शंभर वर्षांपूर्वी ठाऊक होती, असेच म्हणावयास हवे.

पण या कथेचा उत्तरार्ध फारसा सांगितला जात नाही. सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १९२० साली पंधरा लाखांची देणगी दिली, मातोश्रींचे नाव विद्यापीठास लागले, तरीही ‘गृहीतागमा’ ही तेथील पदवी घेतलेल्या मुलींना इतर विद्यापीठांच्या पदवीधरांची कायदेशीर बरोबरी मिळावयास १९५१ साल उजाडावे लागले. पस्तीस वर्षे त्या मुली शिकल्या, उत्तीर्ण झाल्या, आणि सरकारच्या लेखी पदवीधर नव्हत्या. नवे दार उघडणारा माणूस निघतो. त्या दारातून आलेल्यांना मान देण्यास समाज मात्र पुढे एक पिढी लावतो.

दुसरे उदाहरण तर आपल्या बडोद्याशी जोडलेले आहे. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, हे आपण अभिमानाने सांगतो. १९१७ साली नोकरीसाठी आले असता याच शहरात त्यांना जातीपायी राहावयास जागा मिळाली नाही, हेही त्याबरोबर सांगितले पाहिजे. बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापिली आणि १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले. त्याचे वर्ग त्यांनी सकाळच्या वेळी ठेवले. हेतू हा की, गरीब विद्यार्थ्याने सकाळी शिकावे आणि नंतर कचेरीत नोकरीवर जावे. इमारत, ग्रंथालय, प्राध्यापक यांची जेवढी चिंता त्यांनी वाहिली तेवढीच घड्याळाचीही वाहिली. जोतीराव व सावित्रीबाई फुल्यांनी १८५५ साली कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली तीही याच विचाराने. दुर्गदबैलातल्या मुलाने मला जो प्रश्न विचारला त्याचे उत्तर या थोरांनी केव्हाच देऊन ठेवले आहे. ते गावोगावच्या महाविद्यालयांनी अजून वाचावयाचे आहे.

खुद्द हुबळीतही एक उदाहरण आहे. गंगूबाई हनगल यांचे शालेय शिक्षण प्राथमिक शाळेपुरतेच. हुबळीहून आगगाडीने कुंदगोळला जाऊन सवाई गंधर्वांपाशी त्यांनी गाणे मिळविले, तेही संसाराचा भार अंगावर असताना. पुढे धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाने त्यांना संगीताच्या मानद प्राध्यापकपदी बसविले. मल्लिकार्जुन मन्सूर शाळा अर्धी टाकून नाटक मंडळीत गेले होते. तेही या विद्यापीठाच्या संगीत विभागाचे मानद संचालक झाले. शाळेबाहेर मिळविलेली विद्या ही विद्याच आहे, हे विद्यापीठाने येथे उघड मान्य केले. संगीतात जे मान्य होते ते हिशेबात, विणकामात, शेतीत, शुश्रूषेत का होऊ नये? सहा वर्षे कापडाच्या पेढीचे जमाखर्च सांभाळणाऱ्या मुलास जमाखर्चाचा पहिला धडा वर्गात बसून पुन्हा गिरवावयास का लावावा? त्याची परीक्षा खुशाल घ्यावी, वाटल्यास कडक घ्यावी. पण त्याला जे येते ते येते असे मानून पुढे जाऊ द्यावे.

राज्यकर्त्यांनी काहीच केले नाही असेही नाही. इंग्लंडात १९६९ साली मुक्त विद्यापीठास सनद मिळाली आणि १९७१ पासून नभोवाणी व दूरचित्रवाणीच्या मदतीने घरबसल्या शिकणारे विद्यार्थी तेथे शिकू लागले. आपल्याकडे १९८२ साली हैदराबादेस, १९८५ साली दिल्लीस आणि १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण यांच्या नावाने मुक्त विद्यापीठ निघाले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे नाशिकचे ब्रीद. बारावीची पायरी हुकलेल्या प्रौढांसाठी पूर्वतयारीचा अभ्यासक्रम काढून या विद्यापीठाने पुष्कळांस पदवीपर्यंत नेले. दिल्लीच्या इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठात तीन वर्षांची पदवी सहा वर्षांपर्यंत पुरी करता येते आणि परीक्षा जून व डिसेंबर अशा दोनदा होतात. लग्नसराईत अडकलेल्याला दुसरी संधी मिळते. म्हैसूरला १९९६ साली कर्नाटकाचे मुक्त विद्यापीठ झाले.

त्यानंतर २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आले. एक वर्ष शिकून थांबलेल्यास प्रमाणपत्र, दोन वर्षांस पदविका, तीन वर्षांस पदवी, आणि शिकलेल्या विषयांचे श्रेयांक पेढीतील ठेवीसारखे जमा राहावेत, अशी योजना. कर्नाटकाने २०२१-२२ पासून ती लागू केली. मग सरकार बदलले, सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली नवे मंडळ बसले, आणि २०२४-२५ पासून राज्य पुन्हा तीन वर्षांच्या पदवीकडे वळले. या वादात कोणाचे बरोबर हे ठरविण्याचा माझा अधिकार नाही. पण चार वर्षांत दोनदा नियम फिरले म्हणजे सर्वांत अधिक गोंधळ कोणाचा उडतो? ज्याच्या घरी नियम वाचून सांगणारा कोणी नाही त्याचाच.

श्रेयांकांच्या पेढीतही एक मेख आहे. मध्येच बाहेर पडलेल्याने तीन वर्षांत परत यावे आणि एकंदर सात वर्षांत पदवी पुरी करावी, अशी तिची मर्यादा. कागदावर सात वर्षे पुष्कळ दिसतात. पण दोन मुले शाळेत जाऊ लागेपर्यंत आणि अंथरुणावर खिळलेल्या सासूची सेवा पुरी होईपर्यंत किती वर्षे जातात, याचा हिशेब करणाऱ्या समितीत एखादी गृहिणी बसविली असती तर आकडा निराळा आला असता.

येथे जुन्या वळणाचे वाचक विचारतील, आणि त्यांनी विचारलेच पाहिजे, की अशी सर्व बाजूंनी सूट दिली तर पदवीला अर्थ काय राहिला? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. म्हैसूरच्या मुक्त विद्यापीठाने आपल्या कार्यक्षेत्राबाहेर खाजगी केंद्रांच्या मार्फत अभ्यासक्रम चालविले, तेव्हा विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३-१४ पासूनची त्याची मान्यता काढून घेतली. ती परत मिळाली २०१८ साली. मधल्या काळात ज्यांनी प्रामाणिकपणे अभ्यास केला त्यांच्या हातच्या कागदाकडे लोक संशयाने पाहू लागले. अण्णासाहेबांच्या विद्यार्थिनींना जो अन्याय सरकारच्या कोतेपणामुळे सोसावा लागला, तो येथे व्यवस्थेच्या सैलपणामुळे सोसावा लागला. भोगले दोन्ही वेळी विद्यार्थ्यांनीच.

म्हणून सोय कोठे करावी आणि कोठे करू नये, ही रेघ स्पष्ट काढली पाहिजे. वेळ, जागा, भाषा, वय, मध्ये पडलेला खंड, पुस्तकाचा प्रकार या सर्वांत जितकी सवलत देता येईल तितकी द्यावी. काय आले पाहिजे आणि ते आले की नाही हे तपासणे, यात मात्र कवडीची सूट नको. गंगूबाईंना गाडीच्या वेळा सांभाळून शिकावे लागले, पण सवाई गंधर्वांपाशी सूर लागल्याशिवाय पुढचा धडा मिळत नसे, हे त्यांच्या गाण्यातच ऐकू येते. अंध विद्यार्थ्यास लेखनिक द्यावा, तासाला निदान वीस मिनिटे अधिक द्यावीत, असे २०१८ चे सरकारी नियम सांगतात. त्याने प्रश्न सोपा होत नाही. उत्तर लिहिण्यातली अडचण तेवढी दूर होते.

ही रेघ मनात ठेवली तर करावयाच्या गोष्टी साध्याच आहेत. बाजारपेठेच्या गावी निदान एका महाविद्यालयाने सकाळी सात ते दहा वर्ग चालवावेत. व्याख्याने ध्वनिमुद्रित करून ठेवावीत, म्हणजे रात्री दुकान बंद झाल्यावर ती ऐकता येतील. हल्ली प्रत्येकाच्या खिशात त्याचे साधन आहे. प्रश्नपत्रिका इंग्रजीबरोबर प्रादेशिक भाषेतही छापावी, आणि पहिल्या वर्षी इंग्रजीची वेगळी तयारी करून घ्यावी. उत्तीर्ण झालेला विषय कायमचा उत्तीर्ण मानावा. अभ्यासक्रम बदलला असेल तर बदललेल्या भागापुरती परीक्षा घ्यावी. वर्षातून दोनदा परीक्षा ठेवाव्यात. आणि दुर्गदबैलासारख्या भागात, जेथे दोन खोल्यांत सहा माणसे राहतात, तेथे रात्री अकरापर्यंत उघडी राहील अशी एक अभ्यासिका असावी.

हे फुकट होणार नाही, हेही सांगून टाकावे. सकाळचे वर्ग म्हणजे अधिक प्राध्यापक, दोन भाषांतील पुस्तके म्हणजे लेखक व छपाई, दोन परीक्षा म्हणजे दुप्पट तपासणी. असलेल्या प्राध्यापकांच्याच पाठीवर हे ओझे टाकले तर वर्ग नावाला उघडतील आणि शिकविणे बंद पडेल. विद्यार्थ्यांच्या सोयीचा खर्च शिक्षकांच्या झोपेतून वसूल करणे न्यायाचे नव्हे.

आपल्या बडोद्याने या बाबतीत एकेकाळी देशाला वाट दाखविली. १८९० साली निघालेल्या कलाभवनात त्रिभुवनदास गज्जरांनी तांत्रिक विद्या देशी भाषेतून शिकविण्याचा ध्यास घेतला. १९१० नंतर पुस्तकांनी भरलेल्या पेट्या संस्थानातील खेड्यापाड्यांत फिरू लागल्या. वाचक ग्रंथालयाकडे येऊ शकत नसेल तर ग्रंथालयाने वाचकाकडे जावे, एवढा साधा विचार त्या पेट्यांमागे होता. त्या पेट्या वाचून शहाण्या झालेल्या पिढीची आपण नातवंडे आहोत.

तेव्हा धोरणे दिल्लीत व बंगळुरात ठरोत, काही गोष्टी आपल्या हातच्याही आहेत. ज्यांची दुकाने, पेढ्या, कचेऱ्या आहेत त्यांनी आपल्याकडे काम करणाऱ्या मुलामुलींपैकी कोणाचे शिक्षण अर्धे राहिले आहे याची एकदा विचारपूस करावी, आणि परीक्षेच्या महिन्यात दोन तास सोडावेत. ज्यांच्या घरी सुना आहेत त्यांनी लग्नाच्या वेळी अर्ध्यावर राहिलेल्या पदवीची चौकशी, दागिन्यांची होते तितक्याच आस्थेने करावी. विद्यापीठाचे घड्याळ बदलावयास अर्ज, समित्या आणि वर्षे लागतात. घरातले आणि दुकानातले घड्याळ आपल्याला आज संध्याकाळीही थोडे मागेपुढे करता येईल.